संगणकाचे ‘रेडिएशन’ : भीती कशाची आणि जपायचे कशाला?

कार्यालयातील संगणकाशेजारी ठेवलेली निवडुंगाची छोटी कुंडी आता कोणाला नवी वाटत नाही. ती शोभेसाठी नसून पडद्यातून निघणारे ‘रेडिएशन’ शोषून घेण्यासाठी आहे, असे विचारणाऱ्याला निःशंकपणे सांगितले जाते. लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवायच्या सोनेरी चकत्या, गळ्यात घालायची पदके, राउटरवर झाकायच्या जाळ्या ही याच समजुतीची पुढची रूपे. समजुतीचे खरे ओझे मात्र घराघरांत जाणवते. सून किंवा लेक गरोदर राहिली की दिवसाचे आठ तास संगणकासमोर बसण्याविषयी वडीलधारी मंडळी कुजबुजू लागतात. कोणी पोटावर बांधायचा ‘कवचपट्टा’ आणून देतो, कोणी नोकरीच सोडण्याचा सल्ला देतो. निवडुंगाची कुंडी निरुपद्रवी असते. चालती नोकरी सोडणे तसे नव्हे. त्यामुळे संगणकातून नेमके काय बाहेर पडते आणि त्याचा देहावर काय परिणाम होतो, हे एकदा नीट पाहून घेणे आवश्यक ठरते.

शब्दाचा घोटाळा

‘रेडिएशन’ या शब्दासाठी मराठी वृत्तपत्रांतून सर्रास ‘किरणोत्सर्ग’ हा प्रतिशब्द वापरला जातो आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो. किरणोत्सर्ग म्हणजे अस्थिर अणूंच्या केंद्रकांतून आपोआप बाहेर पडणारे कण आणि किरण. गोव्याच्या सीमेपलीकडे कारवारजवळील कैगा अणुवीज केंद्रातील इंधनाच्या संदर्भात तो शब्द योग्य आहे. संगणकात असा कोणताही पदार्थ कामाला लावलेला नसतो. तरंगरूपाने पसरणाऱ्या ऊर्जेसाठी मराठी विश्वकोशाने ‘प्रारण’ हा शब्द योजला आहे. तो रुळला असता तर बरीचशी भीती जन्मालाच आली नसती.

प्रकाश, रेडिओलहरी, सूक्ष्मलहरी, चुलीची धग, क्ष-किरण ही सर्व विद्युतचुंबकीय प्रारणाचीच रूपे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६०च्या दशकात ते गणिताने मांडले आणि हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये प्रयोगाने दाखवले. या रूपांमधला भेद कंपनसंख्येचा. कंपनसंख्या जितकी जास्त, तितका ऊर्जेचा प्रत्येक कण अधिक जोमाचा. शरीरातील रेणूमधून इलेक्ट्रॉन उखडून काढायचा असेल, तर त्या कणात साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा असावी लागते. क्ष-किरणांजवळ ती हजारोंच्या घरात असते. दृश्य प्रकाशाजवळ दीड ते तीन. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींजवळ मात्र ती एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सुमारे एक लाखावा भाग असते. आपल्या देहाच्या उबेमुळे त्यातील रेणू सदैव थरथरत असतात. त्या थरथरीची ऊर्जासुद्धा वाय-फायच्या एका कणाच्या दोन हजारांहून अधिक पट भरते.

येथे एक शंका साहजिकच येते. एक कण दुबळा असला, तरी असंख्य कण दिवसभर आदळत राहिले तर? माडाखाली उभे राहून शेंड्यापर्यंत न पोचणारे खडे कितीही मारले, तरी नारळ पडत नाही. रेणू तोडण्याचे तसेच आहे. तिथे कणांची बेरीज होत नाही. बेरीज होते ती उष्णतेच्या रूपाने. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न शिजते ते बंद पेटीत शेकडो वॅट कोंडल्यामुळे. म्हणूनच रेडिओलहरींविषयीच्या सर्व सुरक्षामर्यादा ‘शरीर किती तापेल’ या एका प्रश्नाभोवती आखल्या गेल्या आहेत.

संगणकातून काय निघते?

आजच्या संगणकातून तीन गोष्टी बाहेर येतात. पहिली पडद्याचा प्रकाश, ज्यासाठी तो घेतलेला असतो. दुसरी विजेच्या प्रवाहाभोवती निर्माण होणारी मंदगती विद्युत व चुंबकीय क्षेत्रे, जी घरातील प्रत्येक विद्युत उपकरणाभोवती असतात. तिसरी वाय-फाय आणि ब्लूटूथच्या रेडिओलहरी.

चुंबकीय क्षेत्राचे आकडे पाहण्यासारखे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या, जर्मनीच्या प्रारण-संरक्षण कार्यालयाच्या तक्त्यानुसार ३० सेंटिमीटर अंतरावर संगणकाचे क्षेत्र ०.०१ मायक्रोटेस्लाहून कमी असते. तेवढ्याच अंतरावर इस्त्रीचे ०.१२ ते ०.३, तर व्हॅक्यूम क्लीनरचे २ ते २० मायक्रोटेस्ला. केस वाळवण्याचे यंत्र डोक्याला जवळजवळ टेकवूनच वापरले जाते. तीन सेंटिमीटरवर त्याचे क्षेत्र ६ पासून २००० मायक्रोटेस्लापर्यंत जाऊ शकते. जनसामान्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ५० हर्ट्झच्या क्षेत्राला २०० मायक्रोटेस्ला इतकी आहे. संगणकाला घाबरणारे घर केस वाळवण्याच्या यंत्राला मात्र कधी घाबरताना दिसत नाही, याचे कारण आकड्यांत सापडणार नाही.

रेडिओलहरींचे गणितही अवघड नाही. घरगुती वाय-फायची प्रक्षेपणशक्ती साधारण ०.१ वॅट असते. ती सर्व दिशांना पसरल्यावर एक मीटरवर दर चौरस मीटरला ०.०१ वॅटहूनही कमी उरते. या कंपनसंख्येसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा १० वॅट आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांसाठी ही मर्यादा एक दशांशावर आणली. त्या कठोर मोजपट्टीनेही घरातील राउटर मर्यादेच्या शंभराव्या हिश्शाच्या आतच राहतो.

भीती जन्मली वृत्तपत्रांच्या कचेरीत

इतके असूनही ही भीती निराधार कल्पनेतून उपजलेली नाही. तिला इतिहास आहे, आणि तो जुन्या पडद्यांच्या काचेच्या नळीशी जोडलेला आहे. रंगीत पडद्याच्या नळीत इलेक्ट्रॉनांना सुमारे २५,००० व्होल्टने वेग देऊन समोरच्या काचेवर आदळवले जाई. वेगवान इलेक्ट्रॉन असे अचानक थांबले की सौम्य क्ष-किरण निर्माण होतात. काचेत मिसळलेले शिसे आणि बेरियम ते अडवून धरीत. १९६७ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत दूरचित्रवाणी संचांतून मर्यादेबाहेर क्ष-किरण गळत असल्याचे उघड झाले. पुढच्याच वर्षी तिथे प्रारण-नियंत्रणाचा कायदा झाला आणि संचाच्या पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटरवर ताशी अर्धा मिलिराँटजेन ही कमाल मर्यादा ठरली. ‘टीव्हीजवळ बसू नको’ हा आज्जीचा धाक त्या काळी अगदीच बिनबुडाचा नव्हता.

त्यानंतर संगणकाचे पडदे कार्यालयांत आले, आणि सर्वांत आधी ज्या ठिकाणी ते मोठ्या संख्येने बसवले गेले त्यांत वृत्तपत्रांच्या कचेऱ्या होत्या. १९७७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या दोन तरुण कर्मचाऱ्यांना मोतीबिंदू झाल्याचे प्रकरण गाजले. १९७९-८० मध्ये कॅनडातील ‘टोरांटो स्टार’च्या छोट्या जाहिरातींच्या विभागात पडद्यासमोर काम करणाऱ्या सात गरोदर स्त्रियांपैकी चौघींच्या बाळांत जन्मतः व्यंगे आढळली. बातमी जगभर पसरली. सातांत चार हा आकडा ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवतो. पण हजारो कचेऱ्यांत लाखो स्त्रिया काम करीत असताना निव्वळ योगायोगानेही कुठेतरी असे पुंजके तयार होतातच. आणि जिथे ते होतात तेवढ्याच जागेची बातमी होते, उरलेल्या हजारोंची होत नाही. अशा वेळी त्या एका कचेरीकडे कितीही बारकाईने पाहिले, तरी उत्तर मिळत नाही. त्यासाठी बाहेर, मोठ्या समूहाकडे पाहावे लागते.

तसा मोठा प्रयत्न १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर कॅलिफोर्नियातील कायझर पर्मनेंटी या आरोग्यसंस्थेच्या संशोधकांनी १,५८३ गरोदर स्त्रियांची माहिती तपासली. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत आठवड्याला २० तासांहून अधिक काळ पडद्यासमोर काम करणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी अधिक दिसले. भीतीला आता शास्त्राचा आधार मिळाला होता. पुढच्याच वर्षी पॉल ब्रॉडर यांची या विषयावरील लेखमाला ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आली आणि चर्चा घरोघरी पोचली.

मात्र त्या अहवालात एक गोष्ट दडलेली होती. वाढलेला धोका मुख्यतः कारकुनी काम करणाऱ्या स्त्रियांतच दिसत होता. व्यवस्थापकीय वा व्यावसायिक पदांवर असून पडदाच वापरणाऱ्या स्त्रियांत दिसत नव्हता. किरण पदनाम पाहून निघत नाहीत. शिवाय पडद्यासमोर घालवलेले तास स्त्रियांनीच नंतर आठवून सांगितलेले होते, प्रत्यक्ष क्षेत्र कोणी मोजलेले नव्हते. गर्भपाताचे दुःख सोसलेली स्त्री ‘माझे काय चुकले’ या विचाराने मागचे दिवस पुन्हा पुन्हा आठवत राहते. जिचे बाळ सुखरूप आहे, ती तितके आठवत नाही. तासांचे आकडे त्यानेही बदलतात.

दूरध्वनी केंद्रांतील उत्तर

खरा उलगडा १९९१ मध्ये झाला, आणि तो ज्या रीतीने झाला ती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यवसाय-सुरक्षा व आरोग्य संस्थेने दूरध्वनी कंपन्यांतील दोन प्रकारच्या स्त्री कर्मचारी निवडल्या. दोघींचे काम जवळपास सारखे : दिवसभर बसून ग्राहकांचे फोन घेणे. फरक एवढाच की दूरध्वनी क्रमांक शोधून देणाऱ्यांसमोर काचेच्या नळीचा पडदा होता, तर सर्वसाधारण कॉल जोडणाऱ्यांसमोर तसा पडदा नव्हता. काम तेच, बसणे तेच, ताण बराचसा तोच. वेगळा तो फक्त पडदा. पडद्यासमोरचे तास आठवणीवर न सोपवता कंपनीच्या नोंदींतून घेतले गेले आणि कामाच्या जागी क्षेत्रे मोजली गेली. ७३० स्त्रियांच्या ८८२ गर्भारपणांचा हिशेब मांडला, तेव्हा पडदा वापरणाऱ्यांत गर्भपाताचे प्रमाण १४.८ टक्के आणि न वापरणाऱ्यांत १५.९ टक्के निघाले. म्हणजे फरक नाहीच. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

टीकाकार गप्प बसले नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होते. पडदा नसलेल्या गटाभोवतीही विजेच्या कंपनसंख्येची मंदगती क्षेत्रे जवळपास तेवढीच होती. तेव्हा त्या क्षेत्रांचा प्रश्न या अभ्यासाने सुटला असे म्हणता येत नव्हते. १९९२ मध्ये फिनलंडमधील संशोधकांना एकूण पडदा वापरणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही, पण ज्या थोड्या स्त्रियांसमोर अतिशय तीव्र मंदगती क्षेत्राचे जुने पडदे होते त्यांच्यात तो वाढलेला दिसला. संख्या लहान असल्याने त्यावरून ठाम काही सांगता येत नाही. पण असे पडदे तोवर बाजारातून जाण्याच्या मार्गावर होते, आणि त्याचे श्रेय स्वीडनला द्यावे लागते.

स्वीडनने वाद मिटण्याची वाट पाहिली नाही. अपाय सिद्ध झालेला नसला, तरी क्षेत्र कमी करणे तंत्रज्ञांना जमत असेल तर ते करावे, असा व्यवहारी विचार करून १९९० मध्ये तिथे ‘एमपीआर-२’ हे मानक आले. पडद्यापासून ५० सेंटिमीटरवर मंदगती चुंबकीय क्षेत्र ०.२५ मायक्रोटेस्लाच्या आत असले पाहिजे, असे त्याने ठरवले. पाठोपाठ तेथील कर्मचारी महासंघाने, म्हणजे ‘टीसीओ’ने, आणखी कडक मानक आणले. बाजार टिकवायचा असल्याने जगभरच्या कारखानदारांनी ते मान्य केले. नव्या शतकाच्या आरंभी गोव्यात ‘सायबरएज’ योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचले, तेव्हाच्या अनेक पडद्यांच्या कोपऱ्यावर हीच अक्षरे असलेली चिकटपट्टी असे. त्या पडद्यांवर आणखी एक काच अडकवण्याची टूम त्या काळी होती. तिने डोळ्यांवर येणारी चकाकी कमी होई, एवढेच. चुंबकीय क्षेत्र काचेतून सरळ पार जाते.

काही वर्षांतच नळीचे पडदे जाऊन सपाट पडदे आले. त्यांत २५,००० व्होल्ट नाहीत, आदळणारे इलेक्ट्रॉन नाहीत, त्यामुळे क्ष-किरणांचा प्रश्नच नाही. ज्या वस्तूची भीती होती ती वस्तू गेली. भीती मात्र नव्या पडद्यासमोर निवडुंग होऊन बसली.

‘कर्करोगकारक’ यादीचा अर्थ

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मंदगती चुंबकीय क्षेत्रे २००२ मध्ये, तर रेडिओलहरी २०११ मध्ये ‘२ब’ गटात टाकल्या, ही बातमी अनेकांनी वाचलेली असते. या गटाचा अर्थ ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता नाकारता येत नाही, पुरावा मर्यादित’ असा आहे. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क आणि आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या त्याच गटात आहेत. धोका किती मोठा, हे ही यादी सांगत नाही. पुरावा किती भक्कम, एवढेच सांगते. चुंबकीय क्षेत्रांबाबतचा संशय मुख्यतः घरात सतत ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक क्षेत्र असलेल्या मुलांतील रक्तकर्करोगाविषयी होता. त्यात कार्यकारणसंबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. रेडिओलहरींबाबत जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६३ अभ्यास तपासून मोबाइल फोन आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसत नाही, असे त्याने म्हटले. मोबाइल कानाला टेकतो. संगणक हातभर दूर असतो.

मांडीवरचा लॅपटॉप

लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात २९ तरुणांना तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवून बसवले, तेव्हा वृषणांचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. त्यातील मोठा वाटा मांड्या जुळवून बसण्याचाच होता, पण यंत्राच्या उष्णतेने त्यात भर टाकली. शुक्रजंतूंच्या निर्मितीला देहाहून कमी तापमान लागते, त्यामुळे अपत्याची इच्छा असलेल्या पुरुषांनी लॅपटॉप टेबलावर ठेवणे शहाणपणाचे. तप्त यंत्र महिनोन्महिने मांडीवर राहिल्यास त्वचेवर जाळीदार डाग उमटल्याची उदाहरणेही वैद्यकीय साहित्यात आहेत. २०१२ मध्ये अर्जेंटिनातील संशोधकांनी बशीतील वीर्यनमुने चार तास वाय-फाय चालू असलेल्या लॅपटॉपखाली ठेवले आणि शुक्रजंतूंची हालचाल मंदावल्याचे नोंदवले. निष्कर्ष दुर्लक्षून चालणार नाही. पण बशीतल्या थेंबाला त्वचा नसते, रक्ताभिसरण नसते, आणि हा प्रयोग माणसाच्या मांडीविषयी फारसे सांगू शकत नाही.

धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला की झिणझिण्या येतात, त्यालाही बरेच जण ‘रेडिएशन’ समजतात. ती चार्जरमधून झिरपणारी अल्पशी वीज असते. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या खोबणीत लावल्यास, किंवा घराचे अर्थिंग बिघडलेले असल्यास ती जाणवते. इथे उपाय पदकाचा नसून इलेक्ट्रिशियनचा आहे. आणि पावसाळ्यात भिंती ओलावल्यावर अर्थिंगचा हा दोष अंगावर बेतू शकतो, तेव्हा त्याकडे काणाडोळा करू नये.

काही माणसांना संगणकाजवळ खरोखरच त्रास होतो : चेहरा लाल होणे, डोके दुखणे, थकवा. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात पडद्यासमोर काम करणाऱ्यांत या तक्रारी प्रथम मोठ्या संख्येने पुढे आल्या. २००५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा ७२५ जणांवरील ३१ प्रयोगांचा आढावा घेतला. या प्रयोगांत क्षेत्र चालू आहे की बंद, हे बहुतेकांना ओळखता आले नाही. बंद असतानाही लक्षणे उमटत होती. त्रास खोटा नाही. त्याचे कारण मात्र लहरींत सापडत नाही, आणि केवळ लहरींमागे लागल्याने कोंदट खोली, अपुरी झोप, चिंता किंवा अर्धशिशी यांची तपासणी राहून जाते.

कवचांचा बाजार

निवडुंग त्याच्यावर पडणाऱ्या लहरींपलीकडे काही शोषू शकत नाही. पडद्याचे प्रारण अडवायचे असेल, तर त्याला पडदा आणि डोळे यांच्या मधोमध ठेवावे लागेल, आणि मग पडदाच दिसणार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी गाईच्या शेणापासून बनवलेली चिप मोबाइलचे प्रारण कमी करते, असा दावा केला. शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागणारे पत्र लिहिले. याहून विलक्षण प्रकार नेदरलँड्समध्ये घडला. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील अणुसुरक्षा प्राधिकरणाने ‘फाइव्ह-जीपासून संरक्षण’ म्हणून विकली जाणारी पदके, कडी, झोपेच्या वेळचा डोळेपट्टा अशी दहा उत्पादने तपासली. ती स्वतःच किरणोत्सर्गी निघाली. न लागणाऱ्या प्रारणापासून वाचण्यासाठी लोक खरेखुरे किरणोत्सर्गी द्रव्य अंगावर वागवत होते.

सिद्ध झालेला परिणाम : साधा प्रकाश

संगणकातून निघणाऱ्या सर्व प्रारणांत ज्याचा देहावरील परिणाम निर्विवाद आहे ते एकच, आणि ते डोळ्यांना दिसते. पडद्याचा प्रकाश. नेत्रपटलात काही पेशी पाहण्यासाठी नव्हे, तर दिवस-रात्र ओळखण्यासाठी असतात आणि त्या निळसर प्रकाशाला विशेष संवेदनशील असतात. रात्री तो प्रकाश पडला की झोपेची तयारी करणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा पाझरते. बारा जणांवर केलेल्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना, छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागण्यास सरासरी दहा मिनिटे अधिक लागली. परिणाम लहान, पण रोजचा.

डोळ्यांची जळजळ मात्र प्रकाशाच्या विषारीपणाने होत नाही. पडद्याकडे पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते, अश्रूंचा थर सुकतो, आणि वातानुकूलित खोलीत तो आणखी लवकर सुकतो. एकाच अंतरावर तासन्‌तास नजर खिळल्याने डोळ्यांचे स्नायू आखडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहणे हा उपाय फुकट आहे. निळा प्रकाश गाळणारे महाग चष्मे मात्र तितकेसे उपयोगी नाहीत. २०२३ मध्ये सतरा चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन अहवालानुसार त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत नसावा. दुपारच्या आकाशातून डोळ्यांत येणारा निळा प्रकाश पडद्याच्या कितीतरी पट असतो.

अमेरिकेच्या त्याच व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९८१ मध्येच सॅन फ्रान्सिस्को परिसरातील वृत्तपत्रांच्या कचेऱ्या आणि एक आरोग्यविमा कंपनी तपासून जे नोंदवले होते, ते आज वाचताना आश्चर्य वाटते. घातक प्रारण सापडले नव्हते. सापडला तो डोळ्यांचा, मानेचा, मनगटाचा आणि मनाचा ताण. आणि तो संपादकीय कामे करणाऱ्यांपेक्षा, ठरावीक वेगाने एकसारखे टंकन करायला लावलेल्या कारकुनी कर्मचाऱ्यांत कितीतरी अधिक होता. पडदा दोघांसमोर सारखाच होता. उठण्याची मुभा सारखी नव्हती. कॅलिफोर्नियाच्या १९८८च्या आकड्यांतही धोका कारकुनी कामापाशीच का दिसला असावा, याचा विचार या नोंदीच्या उजेडात करावा लागतो.

तेव्हा गरोदर कर्मचारी स्त्रीने काळजी घ्यायची ती बसण्याची. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालणे, पायांखाली पाट किंवा छोटे स्टूल, कमरेला आधार, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत शरीरात पाणी साचल्याने मनगटातील मज्जातंतू दाबला जाऊन बोटे बधिर होणे ही नेहमीची गोष्ट आहे. कळफलकावर दिवसभर काम केल्याने ती वाढते आणि मग तिचे खापर किरणांवर फुटते. डॉक्टरांना सांगितल्यास मनगटाला पट्टी बांधून बहुधा आराम पडतो. आणि कार्यालयाला सांगायचे असेल, तर ते ‘संगणकापासून दूर बसवा’ असे नव्हे, तर ‘मधून मधून उठू द्या’ असे.

राहता राहिले ते माळ्यावर धूळ खात पडलेले जुने नळीचे पडदे. बंद पडदा कोणतेही प्रारण सोडत नाही. पण क्ष-किरण अडवण्यासाठी त्याच्या काचेत किलो-दीड किलो शिसे मिसळलेले असते, आणि मागची नळी निर्वात असल्याने फुटताना काचा उडतात. मुलांना तो उघडून पाहू देऊ नये, तांब्याच्या लोभाने अंगणात फोडू नये, विहिरीजवळ टाकू नये. तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावा.